पंखा का फिरेना?

वाचकहो, या सदरात वर्षभर आपण घरातल्या यंत्रांची दुखणी पाहतो. मिक्सर का कुरकुरतो, इस्त्री मध्येच गार का पडते, गीझरचा दिवा लागतो पण पाणी का तापत नाही, अशी तुमची पत्रे येतात आणि मी माझ्या कुवतीप्रमाणे उत्तरे देतो. या सर्व प्रकारात एक मोठी सोय असते. चूक नेहमी दुसऱ्या कोणाची तरी असते आणि शहाणा मी असतो. दिवाळीच्या निमित्ताने आज जरा उलट करतो. आज सांगणार आहे ती फजिती माझी स्वतःची आहे.

गोष्ट गेल्या वर्षीच्या खंडेनवमीची. त्या दिवशी हत्यारांची आणि यंत्रांची पूजा करायची ही आपली जुनी रीत. आमच्या घरी तलवार नाही, पण पक्कड, पेचकस, हातोडी, सौ.चे शिवणयंत्र आणि दारातली नऊ वर्षांची छोटी गाडी एवढा शस्त्रसंभार आहे. पूजेपूर्वी गाडी धुवायला घेतली. बाहेरून धुऊन झाली तेव्हा मला वाटले, देवाला नैवेद्य दाखवायचा आणि गाभारा झाडायचा नाही, हे बरे दिसत नाही. बॉनेट उघडले आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबून इंजिनावर पाण्याची चांगली जोरदार धार धरली.

सौ. गॅलरीतून म्हणाली, "अहो, मिक्सर पुसताना तुम्हीच सांगता ना, की नळाखाली धरू नका? मग इंजिनाला आंघोळ कशाला घालता?"

मी छत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे. वर्ग गप्प कसा करायचा हे मला ठाऊक आहे. मी म्हटले, "चार महिने गाडी पावसात उभी असते, तेव्हा काय होते?" ती आत निघून गेली. मला वाटले, पटले.

पाऊस वरून पडतो आणि बॉनेट त्याला अडवते. नळीची धार मात्र खालून, बाजूने, पावसाला कधी सापडत नाहीत अशा फटींतून आत शिरते, हा फरक तेव्हा मला सुचला नाही. गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला आणि आम्ही दोघे दुसऱ्या दिवशी सोने वाटायला मोकळे झालो.

त्या वेळी माझी थोरली बहीण आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आली होती. ताई मूळची चिपळूणची. गणपती झाल्यावर तिच्या दुखण्याचे नाव कळले, आणि ते नाव घरात कोणी मोठ्याने घेत नसे. किरणोपचार ठरले ते टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये. हे रुग्णालय आणि संशोधन केंद्र पनवेल तालुक्यात, खारघरच्या डोंगराच्या कुशीत, ओवे कॅम्पला आहे. ओवे हे एके काळचे भातशेतीचे गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठी या बाजूच्या गावांच्या जमिनी गेल्या, आणि खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. २०१६ पासून हा सारा भाग पनवेल महापालिकेत आहे, आणि नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधार मेट्रोही याच बाजूने धावते आहे. तरी गावात शिरले की अजून कौलारू घर दिसते, अंगणात वाळत घातलेली सुकट दिसते, आणि रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमधून गाड्या दुरुस्त करणारी गावचीच मुले दिसतात.

किरणोपचार सोमवार ते शुक्रवार, रोज. शनिवार-रविवार सुट्टी. मधला दिवस चुकवायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावून सांगितलेले. तेव्हा गाडी हे त्या दिवसांत आमच्या घरचे वाहन नव्हते. ते ताईच्या औषधाचाच एक भाग होते. आणि मी नेमकी त्याच गाडीवर पाण्याची धार धरली होती.

दसऱ्यानंतरचा पहिलाच सोमवार. पुढे मी, मागे ताई आणि तिच्या सोबतीला सौ. कल्याण-शीळ रस्त्याची ख्याती डोंबिवलीकरांना सांगायला नको. शीळफाट्याला पोचेपर्यंत गाड्यांची रांग अशी थबकली, की शेजारच्या टेम्पोवाल्याने खाली उतरून चहा घेतला.

पहिली सूचना दिली ती एसीने. "अरे, गार वारा बंद केलास का?" ताईने विचारले. मी बंद केला नव्हता. तो आपोआपच कोमट येऊ लागला होता. मग माझी नजर तापमानाच्या काट्याकडे गेली. नेहमी मध्यावर झोपलेला काटा उठून लाल रेघेकडे निघाला होता. रांग हलली, गाडीने जरा वेग घेतला, की काटा खाली. पुन्हा थांबलो, की पुन्हा वर.

वाचकांनी ही खूण लक्षात ठेवावी. चालत्या गाडीला समोरचा वारा मिळतो, तेव्हा पंख्याची फारशी गरज नसते. उभ्या गाडीला वारा घालायला पंख्यावाचून कोणी नाही. म्हणून गाडी उभी असताना तापते आणि पळताना निवते, तेव्हा पहिला संशय पंख्यावर घ्यावा. उलट मोकळ्या रस्त्यावर पळतानाही तापत असेल, तर कमी झालेले कूलंट, तुंबलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा पाण्याचा पंप यांची चौकशी करावी. एसीचे रेडिएटरसारखेच एक जाळे पुढे बसवलेले असते आणि बहुतेक छोट्या गाड्यांत दोघांना वारा घालणारा पंखा एकच. म्हणून पंखा संपावर गेला की उभ्या गाडीतला एसी आधी कुरकुरतो.

मी एसी बंद केला, सगळ्या काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण जोराने लावला. हीटर म्हणजे गाडीच्या आतला एक छोटा रेडिएटरच. इंजिनाची थोडी उष्णता तो आपल्या अंगावर घेतो. बाहेर ऑक्टोबरचे ऊन आणि आत पायांवर तापलेला वारा. सौ.ने रुमाल काढला. ताई थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "बाळ, डॉक्टर तिथे पाच-दहा मिनिटंच शेक देतात. तू डोंबिवलीपासूनच सुरू केलास."

ती हसली म्हणून आम्ही हसलो. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. थांबत, निववत, कसेबसे वेळेत पोचलो.

त्या संध्याकाळी डोंबिवलीतल्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडले, गाडी तापू दिली, पंखा फिरत नाही हे पाहिले आणि निकाल दिला, "मोटर गेली." नवी मोटर बसवली, पंखा भणाणून फिरू लागला, साडेचार हजार रुपये मोजून मी घरी आलो. जुनी मोटर मागून घेतली, ती मात्र सवयीने. शिक्षकाच्या घरात नादुरुस्त वस्तू टाकून देत नाहीत, कपाटात ठेवतात. ती डिकीतच राहिली.

मंगळवार ठीक गेला. बुधवार ठीक गेला. गुरुवारी ओवे गावाच्या वळणावर, रुग्णालय हाकेच्या अंतरावर असताना, काटा पुन्हा लाल रेघेला भिडला.

पुढचे सांगण्याआधी ही पंख्याची व्यवस्था काय असते ते पाहू. पेट्रोलच्या उष्णतेतला जेमतेम चौथा-तिसरा हिस्सा गाडी ओढायच्या कामी येतो; बाकीची उष्णता धुरावाटे आणि इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. हे पाणी दाबाखाली असते, म्हणून शंभर अंशांना उकळत नाही. आपल्या घरच्या कुकरचेच तत्त्व. कुकरमध्ये पाणी एकशेवीस अंशांच्या आसपास जाते, आणि रेडिएटरच्या झाकणाचा दाबही साधारण त्याच तोलाचा असतो. तेव्हा वाफ कोंडलेल्या कुकरचे झाकण जी गृहिणी कधी उघडणार नाही, तिने आपल्या यजमानांना तापलेल्या रेडिएटरचे झाकणही उघडू देऊ नये. इंजिन पुरते निवायला तासभर तरी द्यावा.

माझ्या लहानपणी हे प्रकरण सोपे होते. मामांकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली फियाट होती. तिचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरे. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. त्याला ना वायर, ना फ्यूज. अर्थात त्याचेही दुखणे होतेच. गर्दीत इंजिन मंद चाले तेव्हा पंखाही मंद, म्हणजे गरज जास्त तेव्हा वारा कमी. पुण्याला जाताना बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी वाफा सोडणाऱ्या गाड्या उभ्या दिसत. लोक देवाला नाणे वाहत आणि रेडिएटरला पाणी.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचे इंजिन आडवे बसवलेले. आडव्या इंजिनाचा पट्टा चाकाच्या बाजूला येतो आणि रेडिएटर तर नाकासमोर. तेव्हा पट्ट्याने पंखा फिरवणे गैरसोयीचे. म्हणून पंख्याला स्वतःची विजेची मोटर मिळाली. पाणी तापले की सुरू, निवले की बंद. पुढे जवळजवळ सगळ्याच छोट्या गाड्यांनी हा मार्ग धरला.

मोटर स्वतंत्र झाली, पण तिच्यावर कचेरी बसली. पाण्यात बुडालेला एक सेन्सर असतो, तो कारकून. पाणी जसे तापते तसा त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. वीस अंशांना दोन-तीन हजार ओहम, तर ऐंशी अंशांना साधारण तीनशे. तो हा अहवाल वर पाठवतो. वर साहेब, म्हणजे गाडीचा छोटा संगणक. साहेब अहवाल वाचून हुकूम सोडतात, पण स्वतः जड काम करीत नाहीत. ते शिपायाला खूण करतात. हा शिपाई म्हणजे रिले. रिलेच्या गुंडाळीला अँपिअरचा पाचवा-सहावा हिस्सा मिळाला की तिचे लोहचुंबक होते, टक् आवाज होतो, आणि दहा-पंधरा अँपिअरची जाड वायर मोटरला जोडली जाते. वाटेत फ्यूज नावाचा पहारेकरी. आणि शेवटी, मोटरचे काम करून झालेल्या विजेला बॅटरीकडे परतण्याची वाट. ही वाट गाडीच्या लोखंडी अंगातून जाते. तिला गॅरेजवाले 'अर्थिंग' म्हणतात. या परतीच्या वाटेची आठवण कोणाला राहत नाही. मलाही राहिली नाही.

तर गुरुवारी ओव्याच्या वळणावर मी गाडी कडेला घेतली. सौ.ने रिक्षा थांबवली, "वन्सं, चला, आपण पुढे होऊ," म्हणून ताईला घेऊन ती गेली. समोरच पत्र्याची शेड होती. विशीतला एक मुलगा स्कूटरचा ब्रेक जोडत होता.

त्याने आधी जाळीवर सुकलेला दसऱ्याचा हार काढून नीट बाजूला ठेवला. मग मला आत बसवून एसी लावायला सांगितला. एसी लावला की बहुतेक गाड्यांत पाणी तापो न तापो, पंखा फिरायला हवा. फिरला असता, तर मोटर आणि तिच्या वायरी ठीक, दोष सेन्सरच्या बाजूला. पंखा फिरला नाही. पण त्याने रिलेवर बोट ठेवले होते, तो म्हणाला, "टक् होतंय." म्हणजे साहेब आणि शिपायाचा हात हे दोघेही निर्दोष. शिपाई हात हलवतो पण दार उघडत नाही, असेही होते. रिलेच्या आतले टोक जळलेले असू शकते. म्हणून त्याने त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून तिथे बसवला. पंखा नाहीच. फ्यूज पाहिला, शाबूत.

इथवर मी गप्प होतो. मग मला राहवेना. माझ्याजवळ मीटर होता. मी पंख्याच्या मोटरचा प्लग सोडवला, त्यात मीटरची दोन टोके लावली. साडेबारा व्होल्ट! बॅटरीत जेवढे, तेवढेच. मी विजयाने वर पाहिले. वीज येते आहे आणि मोटर तीन दिवसांची. मग पंखा फिरत नाही याचा अर्थ एकच: या पोराने खटपट करताना प्लगाची पिन वाकवली. मी त्याला ते बोललो. नुसते बोललो नाही; 'समजत नसेल तर हात लावू नये' असेही बोललो. शेडमध्ये आणखी दोघे-तिघे उभे होते. माझा आवाज वर्गातला होता.

मुलाने उत्तर दिले नाही. तो आत गेला आणि हेडलाईटचा एक जुना बल्ब घेऊन आला. त्याला दोन वायरी जोडलेल्या. त्याने त्या वायरी त्याच प्लगात, जिथे माझ्या मीटरने साडेबारा व्होल्ट दाखवले होते, तिथेच लावल्या. बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लालसर झाला, बस.

"काका," तो म्हणाला, "मीटर नुसता विचारतो. बल्ब काम सांगतो."

मग त्याने बल्बची एक वायर प्लगातून काढून सरळ बॅटरीच्या ऋण टोकाला लावली. बल्ब असा पेटला की मला डोळे मिटावे लागले.

वाचकहो, मी छत्तीस वर्षे ओहमचा नियम फळ्यावर लिहिला आहे. तो माझ्या डोळ्यांसमोर एका बल्बने पुन्हा लिहिला गेला. चांगल्या मीटरचा विरोध एक कोटी ओहमच्या घरात असतो. तो वायरीतून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. तेव्हा गंजलेल्या जोडाचा दोन ओहमचा विरोध त्याच्या हिशेबी नसल्यासारखाच. पण मोटरचा स्वतःचा विरोध, सोयीसाठी धरा, एक ओहम. एक आणि दोन मिळून तीन. बारा व्होल्टला तीनने भागले, चार अँपिअर. म्हणजे मोटरच्या वाट्याला चार व्होल्ट आणि गंजाच्या वाट्याला आठ! पंखा फिरेल कसा? वर त्या जोडावर बत्तीस वॅटची उष्णता, जणू एक छोटी शेगडी. हे गणित मी दहावीच्या मुलांना दर वर्षी घालत असे. फरक इतकाच, की पुस्तकात गंजाला 'रोध' म्हणतात आणि तो नीट चौकटीत काढलेला असतो.

नात्यागोत्यात नाही का, सगळे ठीक असते तोवर सर्वजण भरघोस साडेबारा व्होल्ट दाखवतात. दुखणे आले, रोज उठून कोणाला रुग्णालयात न्यायची वेळ आली, म्हणजे कळते प्रवाह कोणाकडून किती येतो. त्या महिन्यात ताईच्या बाबतीत मी हे पाहत होतोच. वायरीच्या बाबतीत मात्र विसरलो.

मुलाने पंख्याची काळी वायर हाताने चाचपत शोधली. ती हेडलाईटच्या मागे, अंगाच्या पत्र्याला एका बोल्टने आवळलेली होती. बोल्ट सोडवला. खालची तांब्याची कडी हिरवी पडलेली, पत्र्यावर तांबूस-पांढरी बुरशीसारखी साय, आणि त्या सायीत अजून ओल. गंज एका दिवसाचा नव्हता. चार पावसाळे आणि खाडीवरून येणारा दमट वारा यांनी तो हळूहळू केला होता. खंडेनवमीच्या माझ्या धारेने शेवटची कामगिरी बजावली. सोमवारी नवी मोटर बसवताना वायर ओढली-हलवली गेली, जोड क्षणभर बरा बसला, पंखा फिरला, आणि मोटरला श्रेय मिळाले.

मला डिकीतली जुनी मोटर आठवली. मुलाने तिला फ्यूज लावलेल्या वायरीने थेट बॅटरीशी जोडली. ती इतक्या जोरात फिरली की त्याने तिला पायाने दाबून धरले. साडेचार हजार रुपयांची ती मोटर ठणठणीत होती.

मी म्हटले, "ताई येईपर्यंत वेळ कमी आहे. तू आत एक बटण बसवून पंखा डायरेक्ट करून दे. बाकी रविवारी पाहू."

"डायरेक्ट नाय करून देणार, काका," तो म्हणाला. "गाडीत आजारी माणूस बसतो ना?"

त्याचे खरे होते. पंखा 'डायरेक्ट' करणे हा रस्त्यावरचा आवडता तोडगा आहे. त्यात रिले गाळतात, पुष्कळदा फ्यूजही गाळतात आणि बारीक वायरीतून मोटरचा सगळा प्रवाह बटणापर्यंत आणतात. वायर तापते, वितळते, आणि पेट्रोलच्या शेजारी तापलेली वायर म्हणजे काय हे सांगायला नको. शिवाय बटण लावायला विसरलो तर इंजिन तापणार, बंद करायला विसरलो तर बॅटरी उतरणार. आणि आमच्या बाबतीत त्याचा उपयोगही झाला नसता, कारण येणारी वाट कितीही सरळ केली तरी परतीची वाट बंदच होती.

त्याने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीचे कुजलेले टोक कापून नवी कडी दाबून बसवली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावले. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "आता तुमचा मीटर द्या." मीटरचे एक टोक मोटरच्या ऋण वायरीला, दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि पंखा चालू. काटेकोर पाहिले तर इथे शून्य यावे. अर्ध्या व्होल्टच्या आत आले तरी चालते. दशांश एक आले. हीच तपासणी मी आधी पंख्याला हुकूम दिलेला असताना केली असती, तर मीटरने तिथे आठ व्होल्ट दाखवून गंज पकडून दिला असता. दोष मीटरचा नव्हता. प्रश्न विचारणाराचा होता.

मग इंजिन चालू ठेवून आम्ही पंधरा मिनिटे नुसते बसून राहिलो. काटा मध्यावर आला, पंखा लागला, थोड्या वेळाने थांबला, पुन्हा लागला, पुन्हा थांबला. दोनदा लागून दोनदा थांबेपर्यंत त्याने बॉनेट लावू दिले नाही.

वाचकांपैकी पुष्कळजण स्वतः हत्यार हातात घेणार नाहीत, आणि घेऊही नये. पण गॅरेजात उभे राहून चार प्रश्न विचारता आले तरी पुष्कळ पैसे वाचतात. एसी लावल्यावर पंखा फिरतो का? रिले वाजतो का? मोटर थेट बॅटरीवर लावून पाहिली का? आणि प्लगात बल्ब लावून पाहिला का? फ्यूज उडाला असेल तर तो का उडाला हे विचारावे. पहारेकरी आरडाओरड करतो तेव्हा त्याला बदलून चोर सापडत नाही. जाम झालेली मोटर किंवा सोललेली वायर बहुधा त्याच्या मागे असते. मोठा फ्यूज घालू देऊ नये. मोटर चांगली आणि एसीवर पंखा फिरतो, पण पाणी तापल्यावर फिरत नाही, तर सेन्सर आणि त्याचा प्लग पाहावा. पुष्कळ गाड्यांत सेन्सरचा प्लग काढताच साहेब घाबरून पंखा पूर्ण जोरात लावतात; तसा लागला, तर पुढची सगळी वाट ठीक आहे असे समजावे. दोन वेगांच्या पंख्यात मोठा वेग चालतो आणि छोटा चालत नाही, तर बहुधा मधला रेझिस्टर जळलेला असतो. गाडी बंद केल्यावरही मिनिट-दोन मिनिटे पंखा फिरत राहिला तर पुष्कळ गाड्यांत तो दोष नव्हे, तशी योजनाच असते. याच कारणाने बंद गाडीच्या पंख्याजवळही बोटे, ओढणी किंवा पदर नेऊ नये; तो न सांगता सुरू होतो.

आणि काटा लाल रेघेला भिडला तर पुढे रेटू नये. गाडी थांबवावी. हल्लीच्या इंजिनांचे वरचे डोके ॲल्युमिनियमचे असते; जास्त तापले तर वाकते, आणि मग एका गंजलेल्या बोल्टपायी इंजिन उघडायची पाळी येते. सोमवारी मी शीळफाट्यापासून तसाच आलो, ते वेळेपायी. ते बरोबर केले असे मी म्हणणार नाही. रिक्षा तिथेही मिळाली असती.

सौ. आणि ताई रिक्षाने परत आल्या तेव्हा मी मुलाला पैसे विचारत होतो. त्याने दोनशे रुपये सांगितले. मी पाचशे पुढे केले, त्याने तीनशे परत दिले. आता एक काम राहिले होते, आणि ते ताईसमोर करायचे म्हणून अवघड होते. पण ज्यांच्यासमोर मी त्याला बोललो होतो ते दोघे-तिघे अजून तिथेच होते. मी म्हटले, "मघाशी मी तुला बोललो ते चुकीचे होते. पिन तू वाकवली नव्हतीस. चूक माझी होती, आणि गाडीवर पाणी मारले तेही मीच."

मुलगा संकोचला. पाने-स्क्रू गोळा करत म्हणाला, "असू द्या काका. गाडी तापली की माणूस पण तापतो."

गाडीत बसल्यावर ताईने विचारले, "काय झालं होतं रे?" मी तिला सगळे सांगितले, मीटर, बल्ब, गंज. मी शिकवायला लागलो की ती लहानपणापासून झोपते. त्या दिवशी मात्र तळोजे येईपर्यंत जागी होती. मग म्हणाली, "म्हणजे वहिनीने आधीच सांगितलं होतं, नाही का? मिक्सरचं?" सौ. खिडकीबाहेर बघत होती. खारघरचा डोंगर मागे पडेपर्यंत ती तशीच बघत राहिली, हसू दिसू नये म्हणून.

ताईचे किरणोपचार वेळेवर पुरे झाले. त्यातला एकही दिवस चुकला नाही. दिवाळीला ती चिपळूणला गेली. तपासणीसाठी अजून अधूनमधून येते. ओव्याच्या वळणावर आली की शेड उघडी आहे का ते काच खाली करून बघते.

यंदाच्या खंडेनवमीला मी गाडी पुसली, धुतली नाही. इंजिनावरून कोरडे फडके फिरवले, अर्थिंगचा बोल्ट तेवढा सोडवून पाहिला, घासला, पुन्हा आवळला. पाटावर पक्कड, पेचकस आणि मीटर मांडले. सौ. कुंकू लावायला आली तेव्हा तिने पाहिले की मीटरच्या शेजारी हेडलाईटचा एक जुना बल्ब आहे आणि त्याला दोन वायरी जोडलेल्या आहेत.

"हे काय नवीन?" तिने विचारले.

मी म्हटले, "यंदा याला आधी लाव."